मुलीला पाठवा, मुलाला थांबवा

वाचकाचं पत्र : "नमस्कार. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी २० वर्षं मोल्डर आहे. आमच्या भागात महामार्गालगत एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचं माल वाटपाचं गोदाम उभं राहतंय. २००० लोकांना काम मिळणार, स्थानिकांना प्राधान्य, असे बॅनर लागलेत. मुलगा १९ वर्षांचा, आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, आयटीआय सोडतो आणि आत्ताच लागतो, महिना १७ हजार मिळतात. मुलगी २३ वर्षांची, बी.कॉम. झालीय, पतसंस्थेत ८ हजारांवर आहे. तिलाही जायचंय, पण पोरीनं गोदामात काम करणं आम्हाला बरं वाटत नाही, आणि तिच्या लग्नाचंही बघतोय. आमच्या पाहुण्यांतला एकजण म्हणतो, दोघांचं काम करून देतो, ४० हजार लागतील. ५ हजार इसार दिलाय. बाकीच्यासाठी मंडळींचे डाग (दागिने) गहाण ठेवायचा विचार आहे. काय करावं?" – एक वडील, पुलाची शिरोली

दादा, आधी पैशांचं मिटवू. डाग कपाटात राहू देत. उरलेले ३५ हजार पाहुण्याला द्यायचे नाहीत.

अशा गोदामांत भरती कशी होते ते सांगतो, म्हणजे तो पैसे कशाचे मागतोय ते ध्यानात येईल. फ्लोअरवरची माणसं कंपनी बहुतेक वेळा स्वतः घेत नाही. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीला सांगते, अमुक तारखेला इतकी माणसं पाहिजेत. माणसं पुरवण्याचे पैसे एजन्सीला कंपनीकडून मिळतात, म्हणजे तुमच्या पोरांना दारात नेण्याचं मोल आधीच कुणीतरी मोजलेलं आहे. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तर एजन्सीवाल्यांनाच माणसं कमी पडतात, ते गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती टाकत बसतात. आधार, पॅन, बँक पासबुक आणि मार्कलिस्ट घेऊन गेलं की नाव लागतं किंवा नाही लागत, त्यात वशिल्याला फारशी जागा नाही. पाहुणा करून करून काय करणार, तर तुमच्या पोरांची नावं त्याच ग्रुपवर टाकणार. लागली तर 'मी लावलं', नाही लागली तर 'वरून लिस्टच आली नाही'. मी बरीच वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत. भरतीच्या दिवसांत गेटबाहेर अशी माणसं नेहमी दिसायची, आणि आतल्या कुणाला त्यांचं नावही ठाऊक नसायचं.

आता त्या २००० आकड्याचं. तो खोटाच आहे असं मी म्हणत नाही. पण असे आकडे जाहीर होतात तेव्हा त्यात 'प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष' असे दोन शब्द असतात, आणि बॅनर छापताना ते गळतात. अप्रत्यक्षमध्ये ट्रकचा ड्रायव्हर आला, गेटवरचा सिक्युरिटी आला, कँटीनवाला, हाउसकीपिंगच्या बायका, शिवाय स्वतःच्या गाडीवरून पार्सल पोचवणारी पोरं आली. प्रत्यक्षमध्येही सणाच्या दोन-तीन महिन्यांपुरती घेतलेली माणसं धरलेली असू शकतात. दिवाळी झाली, ऑर्डरी उतरल्या की त्यांना 'ब्रेक' मिळतो, म्हणजे उद्यापासून येऊ नका.

ते गोदाम कोणत्या जातीचं आहे, हेही विचारून घ्या. माल रॅकवर साठवून ठेवणारं, ऑर्डर आली की काढून पॅक करणारं मोठं केंद्र असेल तर त्याला बारा महिने माणसं लागतात. नुसतं पार्सल वर्गवारी करणारं सॉर्टिंगचं ठिकाण असेल तर काम ट्रकच्या वेळेवर चालतं, त्यातलं बरंचसं रात्री. आणि गावातल्या डिलिव्हरीचं ठाणं असेल तर आत मोजकी माणसं आणि बाहेर गाड्यांची रांग. बॅनरवर तिन्हींना गोदामच म्हणतात.

'स्थानिकांना प्राधान्य' वाचून फार हुरळून जाऊ नका. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांना ८० टक्के स्थानिक माणसं घ्यायची अट राज्याच्या धोरणात आहे, पण तिथं स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. नांदेडचा आणि गडहिंग्लजचा पोरगा त्या अटीपुढं सारखाच. पुलाची शिरोली असा शब्द त्या कागदात कुठं नाही.

तुमच्या घरात 'कंपनीत लागला' म्हटलं की जे समाधान वाटतं ना, ते कुठून येतं ते मला ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये इथं कोल्हापुरात कापडाची मिल काढली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आपण पाहिलीत. लागला म्हणजे लागला, असा तो काळ होता. (ती मिलही पुढं बंद पडलीच, ते सोडा.) या गोदामातली बहुतेक कामं तशी नाहीत. म्हणून तिथं एकच गोष्ट पक्की विचारायची : पगाराच्या स्लिपवर नाव कुणाचं येणार, कंपनीचं की एजन्सीचं, आणि नेमणूक किती महिन्यांची? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. तेव्हा 'कागद नंतर मिळेल' हे ऐकून घ्यायचं कारण नाही. त्या कागदावर मुदत लिहिलेली असते. मुलीचा निर्णय त्या एका ओळीवर घ्या.

आणि १७ हजारांचा हिशेब. हे १७ हजार हातात येणारे आहेत का, असं तुमच्या मुलानं विचारलंय? बहुतेक नाही. एजन्सीवाले आकडा सांगताना मालकाचा पीएफही त्यात मिळवून सांगतात. एक उदाहरण मांडतो. एकूण पगार १५ हजार, त्यातला बेसिक आणि महागाई मिळून १२ हजार. मालकानं पीएफपोटी खर्चासह १३ टक्के, म्हणजे १५६० भरले आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) ३.२५ टक्के, म्हणजे ४८८ भरले, की बेरीज होते १७,०४८. हेच ते १७ हजार. आता कामगाराच्या बाजूनं बघा. १५ हजारांतून पीएफचे १४४० आणि ईएसआयचे ११३ गेले, राहिले १३,४४७. मुलग्याचा आणखी २०० रुपये व्यवसाय कर कापला जाईल. मुलीचा नाही, कारण महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंतच्या पगारावर बायकांना तो माफ आहे. तरीही हा पगार वाईट नाही, पीएफचं कापलेलं नावावर जमा होतं. पण १७ धरून गाडीचा हप्ता ठरवला की तिसऱ्या महिन्यात घरात भांडण.

आता मुलीचं, आणि इथं मी तुमच्याशी थोडा भांडणार आहे.

पतसंस्थेत ८ हजारांत बसते ते बरं दिसतं, आणि पीएफ-ईएसआयसकट तेरा-साडेतेरा हजार घरी आणले तर बरं दिसत नाही, हे काय गणित आहे? पतसंस्थेत तिचा पीएफ कापतात का, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. कापत नसतील असाच माझा अंदाज आहे. पाच वर्षं तिथं काढून तिच्या हातात अनुभवाच्या दाखल्याशिवाय काही उरणार नाही. गोदामात तिच्या नावाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर निघेल. उद्या लग्न होऊन ती सांगलीला गेली काय, पिंपरीला गेली काय, तो नंबर तिच्याबरोबर जातो आणि नवा मालक त्यातच भरतो. ईएसआयमुळं आजारपणात औषधपाणी मिळतं, ठरावीक हजेरी भरली की आजाराच्या रजेत ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. फौंड्रीत राहून ईएसआयचं मोल तुम्हाला मी काय सांगावं.

काम कसलं असतं ते मात्र तिला नीट माहीत असू दे. हातात स्कॅनर देतात. त्यावर रॅकचा नंबर येतो, तिथं चालत जायचं, खणातली वस्तू काढून स्कॅन करायची, क्रेटमध्ये टाकायची, की पुढचा नंबर. एका खणात शाम्पू, त्याच्या शेजारी मोबाईलचं कव्हर, त्याखाली लहान पोराची चप्पल, असं सगळं मिसळलेलं. स्कॅनर सांगेल तेच काढायचं. दर तासाला किती वस्तू झाल्या ते टीम लीडरच्या स्क्रीनवर दिसतं, पाणी प्यायला गेलं तरी मधली मिनिटं दिसतात. दिवसभर पायांवर. पहिले आठ-दहा दिवस पोटऱ्या भरून येतात, चांगले बूट घेऊन द्या, त्यात काटकसर नको. मोबाईल बहुतेक ठिकाणी लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि बाहेर पडताना झडती होते, बायकांची झडती बाईच घेते. हे तिला आधी ठाऊक असलं म्हणजे पहिल्या दिवशी अपमान वाटणार नाही. आणि तुमचा फोन तिनं उचलला नाही म्हणून घरात गोंधळही होणार नाही.

पण बी.कॉम.वालीनं आयुष्यभर क्रेट भरायचे नाहीत. आत गेल्यावर तिचा डोळा दुसऱ्या टेबलांवर असला पाहिजे. रॅकवरचा माल आणि कॉम्प्युटरवरचा माल जुळत नाही तेव्हा शोधाशोध करणारे इन्व्हेंटरीवाले असतात, परत आलेल्या मालाचा हिशेब ठेवणारे असतात, ट्रक सुटताना ई-वे बिल आणि इन्व्हॉइस बघणारे डिस्पॅचवाले असतात. पतसंस्थेत रोजचा मेळ घालणाऱ्या पोरीला हे काम अवघड नाही. एक्सेल येत असेल तर पहिल्याच मुलाखतीत सांगावं, येत नसेल तर आधी शिकून घ्यावं. फ्लोअरवरून या टेबलांवर माणसं जातात. आपोआप मात्र कुणी नेत नाही, मागावं लागतं.

रात्रपाळीची तुमची काळजी रास्त आहे. त्यावर कायदा तिच्या बाजूनं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची असते. 'दारापर्यंत' हे मुद्दाम सांगतोय. महामार्गावरच्या तावडे हॉटेलच्या चौकात रात्री अकराला उतरवून 'इथून घरचे येतील' म्हणणारी गाडी चालणार नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का ते तिनं पहिल्या आठवड्यात बघून ठेवावं. सुरुवातीला दिवसपाळीच मागावी.

लग्नाचं म्हणाल, तर गोदामात काम करते म्हणून नाक मुरडणारं स्थळ असेल तर ते आत्ताच कळलेलं काय वाईट? बघायला येणारे पगार विचारतातच हो. काम कुठलं ते मग दुसऱ्या वाक्यात विचारतात.

समजा, एजन्सीनं तिला फक्त दिवाळीपर्यंतची नेमणूक दिली, तर? तर पतसंस्थेचा राजीनामा लगेच द्यायचा नाही. निदान सहा महिने ते वर्षभराचा कागद हातात आल्यावरच ८ हजार सोडायचे. कंपनीच थेट मुदतीची नेमणूक देत असेल तर उत्तम. नव्या संहितांत मुदतीच्या कामगाराला कायम कामगारासारख्याच सवलती आहेत, आणि वर्षभर भरलं तरी ग्रॅच्युइटी मिळते.

मुलाचं उत्तर छोटं आहे : आयटीआय सोडायची नाही.

दुसऱ्या वर्षात पोचलेला फिटर अर्ध्यावर सोडून क्रेट उचलायला गेला, तर बारावी नापास पोरगा आणि तो, दोघांना तिथं एकच पगार. त्या गोदामात पार्सलं कन्व्हेयरवरून धावतात. तुमच्या फौंड्रीत सँड प्लँटचा कन्व्हेयर बंद पडला की मोल्डिंग लाइनवर काय होतं ते तुम्ही बघता, इथंही तेच. रोलर अडकला, बेअरिंग गेलं, मोटर जळाली की सगळा फ्लोअर हात बांधून उभा, आणि ट्रक गेटवर. तेव्हा ज्याला हाका मारतात तो मेंटेनन्सवाला आयटीआय झालेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन असतो. या जागा थोड्या असतात, तुमच्या मुलाला मिळतीलच असं मी सांगणार नाही. पण नाहीच मिळाली तरी त्याच सर्टिफिकेटवर शिरोली आहे, गोकुळ शिरगाव आहे, कागलची फाइव्ह स्टार एमआयडीसी आहे, ॲप्रेंटिसशिप आहे. अर्धवट आयटीआयवर एकच गेट, आणि तेही दिवाळीपर्यंत. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत, वर्ष बुडतं, आणि बुडालेलं वर्ष पुन्हा भरायला जाणारी पोरं मी फार कमी पाहिली.

त्याच्यावर ओरडू नका. १९ वर्षांच्या पोराला मित्रांच्या हातात पैसे दिसतात, त्याला आपला खिसा रिकामा वाटणारच. दिवाळीच्या सुट्टीत काही दिवसांपुरतं काम मिळत असेल तर जाऊ दे खुशाल. रोज शेकडो पार्सलं उचलून बघू दे, कन्व्हेयर कसा चालतो तेही बघू दे. आयटीआय झाल्यावर माल उचलून रॅकवर ठेवणारी फोर्कलिफ्ट नाहीतर रीच ट्रक चालवायचं शिकून घेतलं तर गोदामांत त्याला हेल्परपेक्षा वरचं काम मिळेल. पार्सल डिलिव्हरीचा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि येणारच, तर एवढं सांगा की तिथं पैसे बहुधा पार्सलमागं मिळतात. पेट्रोल, टायर आणि पावसात घसरलेली गाडी आपली आपण बघायची. कॉलेजच्या पोराला जोडकाम म्हणून ठीक, फिटरनं त्यासाठी वर्ग सोडावा असं त्यात काही नाही.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली, हे तुम्ही दारातून पाहिलंय. रस्ता बंद असेल तेव्हा हजेरीचं काय, पगार कापणार की बदली दिवस देणार, हे मुलाखतीत विचारायला लावा. एजन्सीवाला बाहेरगावचा असेल तर त्याला हा प्रश्न सुचलेलाही नसतो.

पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातंय, ते समजतं. त्याला सांगा, 'नियुक्तीपत्र आलं की तुझं बघतो, आधी काही नाही.' खरंच करून देणारा असेल तर थांबेल. दिलेले ५ हजार फोनवरून पाठवले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट आणि त्यानं नोकरीबद्दल केलेले मेसेज जपून ठेवा, रोख दिले असतील तर 'नोकरीसाठी दिलेले ५ हजार परत कधी देतोस' असा मेसेज तुम्ही पाठवा आणि उत्तर येऊ द्या. परत नाही मिळाले तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते. आणि उद्या कुणी अनोळखी माणसानं 'कंपनीतून बोलतोय, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा' म्हणून ऑनलाइन पैसे घेतले तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, जितका लवकर तितकं पैसे अडकवून ठेवणं सोपं जातं. खऱ्या भरतीची माहिती जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आणि महास्वयं पोर्टलवर मिळते, तिथं मुलीचं नाव फुकट नोंदवा.

मुलगी लागली, तर दुसरा पगार झाल्यावर तिला पीएफचं पासबुक उघडून दाखवायला सांगा. स्लिपवर कापलेले पैसे तिथं दिसत नसतील तर आधी एजन्सीला लेखी विचारायचं, मग कंपनीच्या एचआरला, आणि तरीही कोरं राहिलं तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवायची. पीएफचं विभागीय कार्यालय कोल्हापुरातच आहे, जाताना तीन महिन्यांच्या पगार स्लिपा आणि नियुक्तीपत्राची झेरॉक्स बरोबर न्या.